पाण्यावर कोणी मारत नाही

आबा, आज सोसायटीत माझं भांडण झालं आणि ते तुमच्यामुळं झालं. दुसऱ्या कुणाला सांगून काही कळणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय. उन्हाळा लागला की आमच्या इथं खांदेश्वरला दरवर्षी एक उत्साही मंडळ उगवतं. यंदा त्यांनी मातीची पसरट भांडी आणलीत, प्रत्येक घराला एक. गॅलरीत ठेवायचं, पाणी भरायचं, पाखरं येतील, पुण्य लागेल. सेक्रेटरीबाई स्वतः दारात आल्या, भांडं हातात दिलं आणि म्हणाल्या, "रोज सकाळी तेवढं पाणी बदलत जा हं मॅडम." मी म्हटलं, मला नको. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. "अहो, पाणीच तर ठेवायचंय, त्यात कसलं टेन्शन?" मी म्हटलं, तुम्ही खुशाल ठेवा, मी ठेवणार नाही, आणि परत विचारायला येऊ नका. आवाज चढला माझा. कसा चढतो ते तुम्हाला माहितीय, तुमच्याकडूनच आलाय. समोरच्या घरातली मुलं दार उघडून बघायला लागली. बाई गेल्या, पण जाताना भांडं चपलांच्या कपाटावर ठेवून गेल्या. आता बिल्डिंगभर झालं असेल की ती वरची बाई चिमणीलासुद्धा पाणी पाजत नाही. होऊ दे.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायच्या आधी तुमच्या खाकी शर्टाचा वास आठवतो, घामाचा आणि वाळल्या गवताचा. साताऱ्याकडून तुमची इकडं बदली झाली तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. "फॉरेस्ट गार्ड आणि मुंबईला? तिथं कसलं आलंय रान? फसवलंय तुम्हाला." तळवलीत आपण दोन खोल्या घेतल्या. समोर ठाणे-बेलापूर रोड, रोडपलीकडं कारखाने आणि कारखान्यांच्या मागं तो डोंगर. खालून बघितला तर खरूज झालेल्या बैलासारखा, ठिकठिकाणी केस गेलेला. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही वरून आलात, खिशातून लेंड्या काढल्यात आणि आईच्या ओट्यावर ठेवल्यात. "भेकरं आहेत गं वर! जित्तीजागती भेकरं!" आई किंचाळली, "अहो, तिथं मी भाकरी थापते!" आणि तुम्ही तिथंच खुळ्यासारखे हसत उभे. मला तोवर भेकर माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत, शेळीएवढं हरीण असतं, तांबूस, लाजरं, आणि घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. मी म्हटलं, मग त्यात आणि कुत्र्यात फरक काय? "फरक म्हणजे, भेकर दुसऱ्यांना पळायला सांगायला भुंकतं," तुम्ही म्हणालात. मी तेव्हा नुकतीच रोडपलीकडच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले होते. दिवसभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि संध्याकाळी तुमच्याकडून डोंगराच्या बातम्या ऐकायच्या, असं चालायचं.

आणि मग आपल्या घरात चोर आला. डोंगराखालच्या गावांमधून शिमग्याला शिकारीला जायची जुनी रीत. कायद्यानं बंदी येऊन जमाना झाला होता, तरी कुणी ना कुणी जायचंच. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मला ती मीच बघितल्यासारखी दिसते. तुम्ही करवंदीच्या जाळीमागं दबा धरून बसलाय. पुढ्यातल्याच कातळावर तो चोर, तुमच्याकडं पाठ, मांडीवर ठासणीची बंदूक. खाली झरा, आणि झऱ्यावर एक भेकर मान खाली घालून पाणी पितंय. लहान पोराचाही नेम चुकणार नाही असं अंतर. पण गडी बंदूक उचलत नाही. बिडीसुद्धा पेटवत नाही, नुसता बसून राहतो. भेकर पोटभर पाणी पिऊन, कान हलवून वर चढायला लागतं तेव्हा कुठं त्याचा हात बंदुकीकडं जातो आणि तुम्ही मागून त्याचा दंड पकडता. भेकर भुंकत पसार. तुम्ही त्याला नाव विचारलं नाहीत, गाव विचारलं नाहीत. विचारलंत काय, तर "मघाशी का मारलं नाहीस?" तो तुमच्याकडं असा बघायला लागला की जणू गुन्हा तुम्हीच केलाय. म्हणाला, "पान्यावर कोन मारतं, साहेब? पान्यावर आलेल्याला मारला, तं त्याला काय मानूस बोलायचा?"

तुम्ही केस केलीत. इतकं आवडलं होतं त्याचं बोलणं, तरी केलीत. बंदूक जप्त झाली, पंचनामा झाला, आणि मग सुरू झाल्या तारखा. आरोपी तो आणि साक्षीदार तुम्ही. एकाच स्टॉपवरून एकच बस पकडायचात, कोर्टाबाहेर एकाच गाडीवर वडापाव खायचात आणि पुढची तारीख घेऊन एकत्र परत यायचात. परतताना तो आपल्याकडं चहाला. आई खिडकीतून बघून म्हणायची, "आला हो तुमचा चोर, आधण ठेवते." मी त्यांना चोरकाका म्हणायला लागले आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही, उलट सगळ्या गावाला सांगत सुटले. येताना कधी सुका जवळा आणायचे, कधी पुरचुंडीत खडेमीठ. त्यांच्या घरच्यांनी पिढ्यानपिढ्या मिठागरात काम केलेलं. आईला शिकारीच्या गोष्टी सांगायचे, वाटे कसे पडतात ते सांगायचे. गावात कुणी पोटुशी असेल तर तिला दोन वाटे. ज्या घरात त्या वर्षी मयत झालं त्या घराला एक. "आन कुत्र्याचा बी वाटा असतो, वयनी. वाटा दिला म्हनून तं कुत्रा आपल्या हुकमात ऱ्हातो." तुम्ही ऐकत नसल्यासारखं करायचात. सरकारी नोकर ना तुम्ही. पण एकदा आई आत गेल्यावर मला हळूच म्हणालात, "माणूस कायद्यात बसत नाही गं, पण याच्या रीतीनं सगळे वागले असते तर मला डोंगरावर काम उरलं नसतं."

मग खाण आली. डोंगराच्या मागच्या अंगाला दगडाची खाण होतीच, ती सरकत सरकत पुढं आली. दुपारी सुरुंग उडायचे आणि माझ्या टेलिफोन बोर्डावरचे दिवे थरथरायचे. शिमगा संपून उन्हं तापली आणि तुम्ही एक दिवस आल्या आल्या मोरीत जाऊन पाय धुण्याऐवजी उंबऱ्यातच बसलात. झरा आटला होता. दरवर्षी आटायचा त्याच्या महिनाभर आधीच. सुरुंगानं खालची चीर फुटली असणार, पाणी कुठल्या कुठं गेलं. तुम्ही वरच्या साहेबांना कळवलंत, पाणवठा मंजूर करा म्हणून. उत्तराची वाट बघण्यात दिवस जायला लागले आणि चोरकाका म्हणाले, "साहेब, तुमचं सायेब लोक पावसात मंजुरी देतील." मग आपणच बांधला तो हौद. खरं तर हौद कसला, उथळ सिमेंटची परातच, म्हणजे पिल्लालाही तोंड घालता यावं. झऱ्याच्याच जागी. रेती चोरकाकांनी डोक्यावरून चढवली, सिमेंट तुम्ही, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी मी कॅन घेऊन तुमच्या मागं. कारखान्याच्या टँकरवाल्याला मी गोड बोलून पटवलं होतं, तो पायथ्याशी कॅन भरून द्यायचा. चोरकाकांनी बाजूला खडेमिठाचा ढीग ठेवला. हरणाला मीठ चाटायला लागतं म्हणे, आणि खाडीच्या मिठासारखं मीठ नाही म्हणे. मला आजही ते दोघं दिसतात, उकिडवे बसलेले, एक पकडणारा आणि एक पकडलेला, हौदाची कड हातानं गुळगुळीत करतायत. तुम्ही कडेला ओली माती थापून सारवलीत, म्हणजे कोण येऊन गेलं ते उमटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पळत खाली आलात. त्या वयात डोंगर उतरून पळत! आई भाकरी करत होती. तुम्ही पायातले बूट न काढता स्वयंपाकघरात शिरलात आणि परातीतल्या मळलेल्या पिठात दोन बोटं जोडून टेकवलीत. "असा खूर! आणि हा शेजारी लहान, पिल्लाचा!" पुन्हा दोन बोटं. आई रागावायचं विसरली. तिनं तो उमटलेला गोळा तसाच बाजूला ठेवला, त्याची भाकरी केली नाही. संध्याकाळी शिरा केला, चोरकाकांना बोलावून वाढला. तुम्हाला एवढं सुखात मी त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही, खरं सांगायचं तर.

आपल्यातल्या एकालाही तेव्हा सुचलं नाही, हेच मला आजवर खुपतं. अडाणी होतो म्हणून नव्हे. तुम्ही आणि चोरकाका, दोघांच्याही हाडामासात एक गोष्ट मुरलेली होती, की पाण्यावर कोणी मारत नाही. पाणी म्हणजे जीव वाचायची जागा. त्यामुळं डोंगरभर विखुरलेली सगळी भेकरं रोज ठरल्या वेळी एका परातीपाशी आणून उभी करणं म्हणजे काय, हे तुमच्या मनातच आलं नाही. ही रीत माणसांची होती. ती कुत्र्यांना कोण सांगणार?

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डोंगराखाली कितीतरी बिल्डिंगी उठल्या. मटणाच्या, कोंबडीच्या टपऱ्या आल्या, त्यांची घाण पायथ्याशी पडायला लागली आणि त्या घाणीवर कुत्री पोसली गेली. कळपच्या कळप. त्यांना कुणीतरी हाकललं की ती वर डोंगरात. एका सुट्टीला मी तुमच्याबरोबर कॅन घेऊन वर आले. हौदाच्या कडेची माती अशी तुडवलेली होती, जशी काही तिथं कुस्ती झाली होती. दोन बोटांचे खूर एखाददुसरे, बाकी सगळे पंजे. आणि मिठाच्या ढिगाच्या पलीकडं भेकराची एक मादी, मागून फाडलेली, डोळे उघडे. तोंड अजून ओलं होतं. तुम्ही गुडघ्यावर बसलात, तिच्या तोंडाला हात लावलात आणि तो हात बघत राहिलात. मी म्हटलं, आबा, चला. तुम्ही म्हणालात, "पाणी पीत होती गं." एवढंच, दोनतीनदा.

मग तुम्ही रोज माझ्या कारखान्याच्या गेटवर यायला लागलात, डबा खायच्या सुट्टीत, आणि मी बोर्डावरून तुम्हाला गेटवरच्या फोनवर लाइन लावून द्यायची. हेडफोन माझ्या कानाला असायचा, त्यामुळं सगळं मी ऐकलंय. तुमच्या साहेबांनी सांगितलं, "कुत्री पाळीव प्राण्यात येतात, आपल्या खात्याचा विषय नाही." पालिकेतला माणूस म्हणाला, "डोंगर फॉरेस्टचा, आमची हद्द रोडपर्यंत. आणि हरीण आमच्याकडं कुठाय?" मी पुन्हा साहेबांना जोडून दिलं. पुन्हा पालिकेला. एकदा तर चिडून मी दोघांची लाइन एकमेकांनाच जोडून दिली आणि मधून बाजूला झाले. दोघं हॅलो हॅलो करत राहिले, आणि मग दोघांनीही फोन ठेवले. मी हसले होते तेव्हा. तुम्ही गेटच्या वॉचमनच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होतात, तुम्ही नाही हसलात. तारेचं कुंपण घालावं तर भेकरंच बाहेर राहणार. राखणीला बसावं तर तुमची बीट, म्हणजे फिरायची हद्द, केवढी मोठी, आणि कुत्र्यांना काय सुट्टी असते? चोरकाका आठवडाभर काठी घेऊन बसले, तर कुत्री दुसरीकडून आली. त्यांना मी त्या दिवसांत पहिल्यांदा हताश बघितलं. म्हणाले, "आमी कुत्र्याला वाटा देत होतो, म्हनून तो आमचा. ही कोनाची हायत? कोनाचं ऐकतील?"

त्यांनीच मग आपल्या दारातल्या ओट्यावर बसून ते मागितलं. "साहेब, माझी बंदूक द्या. दोन दिवस द्या. कुत्र्यांची व्यवस्था करतो, आन परत आनून देतो, आईची आन." बंदूक तुमच्या ऑफिसात मुद्देमाल म्हणून पडलेली. तुम्ही नाही म्हणालात. मी मध्ये पडले, म्हटलं, आबा, द्या ना, कुणाला कळतंय? तेव्हा तुम्ही माझ्यावर असे ओरडलात की आईच्या हातातला चहा हिंदकळला. "मी आज त्याला देईन, उद्या दुसऱ्याला कशी नाकारू? वर्दी काढून ठेवू का? तू घाल!" चोरकाका उठले, चपला घातल्या आणि गेले. तुमचं बरोबर होतं. मी तेव्हाही जाणत होते की तुमचं बरोबर आहे. पण बरोबर असून काय उपयोग झाला, हे मला आजही कुणी समजावून सांगावं.

शेवटी तुम्ही पहार घेऊन वर गेलात. पाणी आहे म्हणून येतात आणि येतात म्हणून मरतात, तर पाणीच नको, असं तुम्ही ठरवलंत. चोरकाका आले होते, पण पहारीला त्यांनी हात लावला नाही, पाठ करून उभे राहिले. तुम्ही एकट्यानं तो हौद फोडलात. साठलेलं पाणी मातीत गेलं आणि तुम्ही वाकून मिठाचे खडेसुद्धा वेचून घेतलेत. उरलेली भेकरं पांगतील, पलीकडच्या रानात उतरतील, वाचतील, असा तुमचा हिशेब. पलीकडं खाण होती आबा. अलीकडं कारखाने होते. पांगणार कुठं?

पावसाला अजून अवकाश होता तेव्हाची गोष्ट. भरदुपारी आमच्या गेटवर गलका झाला. "हरीण आलंय, हरीण!" मी हेडफोन टाकून धावले. गेटशेजारच्या गटारावर ते उभं होतं, एकटं, बरगड्या दिसतायत, आणि कारखान्यातून वाहणाऱ्या त्या पिवळ्या पाण्याला तोंड लावतंय. कामगार गोल करून उभे, कुणी शुक शुक करतंय, कुणी "पकड, पकड" म्हणतंय. मी ओरडले, मागं व्हा, सगळे मागं व्हा. माझ्याच आवाजानं ते बिचकलं असेल का, हे मला माहीत नाही. ते भुंकलं, एकदाच. दुसऱ्या कुणाला पळायला सांगण्यासाठी, असं तुम्ही म्हणाला होतात. पण त्याच्यामागं कुणीच नव्हतं. मग ते रोडवर गेलं आणि टँकर आला. तुम्हाला बोलावून आणलं तेव्हा त्यात थोडी धुगधुगी होती. तुम्ही वॉचमनच्या माठातून ओंजळ भरून आणलीत आणि त्याच्या तोंडाशी धरलीत. ते प्यालं नाही. तुमच्या बोटांमधून पाणी रोडवर सांडत राहिलं, आणि मागं गाड्यांचे हॉर्न.

त्यानंतर वर खूर दिसला नाही. तुम्ही बघायला जायचात, माती सारवायचात, आणि सकाळी ती तशीच सपाट असायची. केस सुटली. चोरकाका निर्दोष ठरले, पण बंदूक न्यायला ते कधी आलेच नाहीत. तुम्ही निवृत्तीच्या आधीच गेलात. दवाखान्यात, एका दुपारी, माझ्याकडून मोसंबी सोलून घेताना तुम्ही विचारलंत, "हौद बांधायला नको होता, का फोडायला नको होता? सांग बरं." मी म्हटलं, आबा, कशाला तो विषय. तुम्ही म्हणालात, "नाही, विचार करून सांग. घाई नाही." मी सांगायच्या आधी तुम्हाला झोप लागली. मग ते राहूनच गेलं.

मागच्या वर्षी मी तिकडं गेले होते. डोंगराला आता छान गेट आहे, चालायला फरसबंदी पायवाट आहे, आणि तोंडाशी एक मोठा बोर्ड, येथील वन्यजीव. त्यावर हरणाचं चित्र आहे, ठिपक्याठिपक्यांचं, भलं मोठं शिंगाळं. चितळ! आपल्या डोंगरावर जन्मात कधी चितळ नव्हतं. मी तिथल्या पोराला म्हटलं, अरे, इथं भेकर होतं. तो म्हणाला, "मॅडम, ते काय असतं?" बोर्डाखाली कुत्री झोपली होती, लठ्ठ, गळ्यात कुणीकुणी बांधलेले पट्टे. त्यांचा काही दोष नाही, हे मला कळतं. त्यांच्यासाठीही तिथं कुणीतरी पाण्याचं भांडं ठेवलेलं होतं.

तर असं आहे. तुम्ही घाई नाही म्हणालात म्हणून मी इतकी वर्षं विचार केला आबा, आणि मला उत्तर आलेलं नाही. हौद बांधला ते चूक म्हणावं तर भेकरं तहानेनं आधीच मेली असती. फोडला ते चूक म्हणावं तर पाण्यावरच संपली असती. कुठूनही गेलं तरी शेवटी ते गटारच येतं. मधली वाट असेल तर ती तुम्हाला, चोरकाकांना आणि मला, तिघांनाही दिसली नाही, आणि आता दिसून उपयोग नाही. हे पत्र मी कुठं टाकणार? चपलांच्या कपाटातच राहील, जुन्या पावत्यांखाली.

एक मात्र सांगते. संध्याकाळी मी सेक्रेटरीबाईंचं ते भांडं उचललं, धुतलं, पुसलं आणि गॅलरीत कठड्याशी नेऊन ठेवलं. तांब्या भरून हातात घेतला, आणि चांगला अंधार पडेपर्यंत तिथंच उभी राहिले. मग तांब्या परत आणून ओट्यावर ठेवला. भांडं बाहेरच आहे, आबा, कोरडं.